सिस्टम डाउन (सुरक्षा त्रुटी)

सिस्टम डाउन या नावाने लिनक्स प्रणालीतील ‘सिस्टमडी-जर्नलडी’ या नोंदी ठेवणाऱ्या सेवेत आढळलेल्या तीन सुरक्षा त्रुटी ओळखल्या जातात. क्वालिस या अमेरिकन संगणक-सुरक्षा कंपनीने त्या ९ जानेवारी २०१९ रोजी जाहीर केल्या. सीव्हीई-२०१८-१६८६४, १६८६५ आणि १६८६६ असे त्यांचे क्रमांक आहेत. तिन्ही त्रुटी संगणकाच्या स्मृतीची हाताळणी करताना राहिलेल्या चुकांतून निर्माण झाल्या होत्या. त्यांच्या आधारे संगणकावर केवळ साधे खाते असलेल्या व्यक्तीला ‘रूट’चे, म्हणजे सर्वोच्च, अधिकार मिळवता येत असत.

पार्श्वभूमी

कोणी प्रवेश केला, कोणती सेवा बंद पडली, कोणते उपकरण जोडले गेले, अशा घडामोडींची नोंद संगणक सतत ठेवत असतो. युनिक्स परंपरेत हे काम दीर्घकाळ ‘सिस्लॉग’ करीत असे. लेनार्ट पोएटरिंग आणि के सीव्हर्स यांनी २०१० मध्ये सुरू केलेल्या सिस्टमडी प्रकल्पात २०११ च्या अखेरीस जर्नलडीची भर पडली. ही सेवा आलेला मजकूर लिहून ठेवतेच, शिवाय तो पाठवणारा प्रोग्रॅम कोणता व तो कोणत्या आज्ञेने सुरू झाला, हेही नोंदवते.

या कामाचे स्वरूपच धोक्याचे आहे. नोंद करण्याचा हक्क प्रत्येक प्रोग्रॅमला असतो, म्हणून कोणाचाही संदेश स्वीकारावा लागतो. आणि स्वीकारणारी सेवा मात्र रूटच्या अधिकाराने चालते. तिजोरीच्या किल्ल्या कमरेला लावूनच कारकुनाने दारावर येणाऱ्या प्रत्येकाची चिठ्ठी वाचावी, असा हा प्रकार आहे.

त्रुटींचे स्वरूप

प्रोग्रॅम आपली तात्पुरती माहिती ‘स्टॅक’ या स्मृतिभागात ठेवतो. लिनक्सवर ही जागा सामान्यतः ८ मेगाबाइटपर्यंतच वाढू शकते. ती शेजारच्या भागात घुसू नये म्हणून मध्ये एक राखीव पट्टा सोडलेला असतो. त्याला स्पर्श होताच प्रोग्रॅम बंद पाडला जातो. दोन शेतांमधील बांधासारखी ही व्यवस्था आहे. परंतु बांधावर पाय न ठेवता एकाच उडीत पलीकडे जाता आले, तर राखणीचा उपयोग उरत नाही. ‘स्टॅक क्लॅश’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या धोक्याकडे क्वालिसनेच २०१७ मध्ये लक्ष वेधले होते. त्यानंतर लिनक्समधील हा पट्टा एका पृष्ठावरून, म्हणजे ४ किलोबाइटवरून, १ मेगाबाइटपर्यंत रुंद करण्यात आला. तरीही तो अपुरा ठरला.

जर्नलडीमध्ये ही उडी शक्य झाली ती ‘अलोका’ या सी भाषेतील सुविधेमुळे. अलोका मागितली तेवढी जागा स्टॅकवर देते. ती शिल्लक आहे की नाही, हे पाहत नाही. पहिल्या त्रुटीत या जागेचा आकार संदेश पाठवणाऱ्या प्रोग्रॅमच्या आज्ञेच्या लांबीवर ठरत असे, तर दुसऱ्या त्रुटीत संदेशातील रकान्यांच्या संख्येवर. दोन्ही गोष्टी पाठवणाऱ्याच्या हाती होत्या. लाखो रकान्यांचा संदेश पाठवला की जर्नलडी तेवढी जागा निमूटपणे मागत असे. ‘जर्नल-रिमोट’ सुविधा चालू असल्यास दुसऱ्या त्रुटीचा फायदा दूरच्या संगणकावरूनही घेता येण्याजोगा होता.

तिसरी त्रुटी दिसायला क्षुल्लक आहे. संदेशातील अपूर्णविरामानंतर रिकामी जागा आहे का, हे तपासण्यासाठी वापरलेले फलन मजकुराच्या शेवटी असणारे शून्य-चिन्हही जुळले असे मानते. त्यामुळे अपूर्णविरामानेच संपणाऱ्या संदेशात वाचन शेवट ओलांडून पुढच्या स्मृतीत जाई आणि तेथील मजकूर नोंदीत उतरे. प्रोग्रॅमचे भाग स्मृतीत कोठे ठेवले आहेत, हे हल्लेखोराला कळू नये म्हणून त्यांचे पत्ते दरवेळी बदलले जातात. नेमकी तीच गुप्तता या गळतीमुळे भंगत असे.

शोध आणि परिणाम

पहिली त्रुटी योगायोगाने सापडली. क्वालिसचे संशोधक लिनक्सच्या गाभ्यातील ‘म्युटाजेन अ‍ॅस्ट्रॉनॉमी’ या दुसऱ्याच त्रुटीवर काम करीत होते. सिस्लॉग वापरणाऱ्या प्रोग्रॅमला काही मेगाबाइट लांबीची आज्ञा दिली असता जर्नलडी कोसळते, हे तेव्हा त्यांच्या लक्षात आले. दुसरी व तिसरी त्रुटी एकत्र वापरून त्यांनी ३२ बिट संगणकावर सरासरी १० मिनिटांत, तर ६४ बिट संगणकावर सरासरी ७० मिनिटांत रूटचे अधिकार मिळवून दाखवले. कोसळलेली जर्नलडी सिस्टमडी आपोआप पुन्हा सुरू करते. सोयीसाठी केलेल्या या तरतुदीमुळे फसलेला प्रयत्न पुन्हा करण्याची संधीही मिळत होती.

दुसरी त्रुटी डिसेंबर २०११ पासून संहितेत होती आणि एप्रिल २०१३ पासून ती वापरता येण्याजोगी झाली होती. संहिता सर्वांना वाचण्यासाठी खुली असूनही ती इतकी वर्षे टिकली, ही बाब विशेष उल्लेखनीय आहे.

दुरुस्ती

उबुंटू, डेबियन, रेड हॅट इत्यादी वितरणांनी जानेवारी २०१९ मध्येच सुधारित आवृत्त्या दिल्या. आज्ञेचा मजकूर स्टॅकवर ठेवणे थांबवण्यात आले आणि एका नोंदीतील रकान्यांना १,०२४ ची मर्यादा घालण्यात आली. तिसरी त्रुटी ऑगस्ट २०१८ मध्येच, सुरक्षेचा प्रश्न आहे हे ध्यानात न येताच, दुरुस्त झाली होती. सुसे लिनक्स एंटरप्राइज १५, ओपनसुसे लीप १५.० आणि फेडोरा २८ व २९ यांमध्ये मूळ दोष असूनही स्टॅकवरील हल्ला साधत नव्हता. त्यांचे प्रोग्रॅम जीसीसी संकलकाच्या स्टॅक क्लॅशविरोधी पर्यायासह तयार केलेले होते. या पर्यायामुळे मोठी जागा घेताना वाटेतील प्रत्येक पृष्ठाला स्पर्श करावाच लागतो.