उघाडीचा अभ्यास कोणत्या विद्यापीठात?

पेणच्या खारपाटात उधाणाच्या भरतीने बांधाला खांड गेली की खाडीचं पाणी थेट भातखाचरात घुसतं. पाणी ओसरतं, मीठ मात्र मातीत राहतं. शेतकऱ्यापुढे मग दोन प्रश्न उभे राहतात. बांध आणि आतलं पाणी ओहोटीला बाहेर सोडणारी उघाडी कशी बांधावी, हा अभियंत्याचा प्रश्न. त्या खारवट जमिनीत कोणतं भात तग धरेल, हा कृषिशास्त्रज्ञाचा.

कोकणात या दोन्ही विद्यांची सरकारी विद्यापीठं आहेत. रोह्याच्या दक्षिणेला, माणगाव तालुक्यातल्या लोणेऱ्याला १९८९ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, तर दापोलीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ. दापोलीच्याच पनवेल इथल्या खारजमीन संशोधन केंद्राने ‘पनवेल-१’, ‘पनवेल-२’, ‘पनवेल-३’ या खारेपणा सोसणाऱ्या भाताच्या जाती दिल्या. समजा, उद्या या दोन्हींचं मिळून एकच संशोधन विद्यापीठ करायचा विचार निघाला, तर आधी काय तपासायला हवं?

जगात असे प्रयोग झाले आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये टोकियोतलं तंत्रविज्ञानाचं आणि वैद्यक-दंतवैद्यकाचं अशी दोन राष्ट्रीय विद्यापीठं एक झाली. एकाकडे यंत्रं, दुसऱ्याकडे रुग्ण. एकत्र येण्याचं कारण उघड होतं. मँचेस्टरमध्ये २००४ साली दोन विद्यापीठं जोडली गेली. त्याच वर्षी तिथला ग्राफीनवरचा गाजलेला शोधनिबंध छापून आला आणि २०१० मध्ये त्या कामाला नोबेल मिळालं. पण ते काम विलीनीकरणाआधीच चालू होतं. श्रेय नव्या पाटीला देण्याची घाई करू नये.

महाराष्ट्राचा अनुभव तर उलट्या दिशेचा. १९६८ मध्ये राहुरीला राज्याचं कृषी विद्यापीठ निघालं आणि चार-पाच वर्षांतच अकोला, दापोली, परभणी वेगळी झाली. कोकणचा पाऊस, जांभा आणि खाजण यांना स्वतःचं केंद्र हवं होतं. ते कारण आजही जुनं झालेलं नाही.

खरी अडचण कारभारात आहे. कृषी विद्यापीठं कृषी खात्याखाली, १९८३ च्या कायद्याने चालतात. लोणेरे उच्च व तंत्रशिक्षण खात्याखाली, २०१४ च्या कायद्याने. शिवाय राज्यभरची अभियांत्रिकी महाविद्यालयं लोणेऱ्याला संलग्न आहेत. परीक्षांचा व्याप विद्यापीठाला कसा गिळतो, हे २०१७ साली मुंबई विद्यापीठाचे निकाल रखडले तेव्हा रायगडच्या विद्यार्थ्यांनी सोसलं. संलग्नतेचं ओझं कोण घेणार हे न ठरवता केलेलं विलीनीकरण म्हणजे दोन कचेऱ्यांची एक मोठी कचेरी.

म्हणून सुरुवात लहान असावी. खारजमिनीवर दोन्ही विद्यापीठांचं एक संयुक्त केंद्र काढावं. पीएच.डी.ला एक मार्गदर्शक लोणेऱ्याचा, एक दापोलीचा असावा. उघाडीतून निघणारं पाणी आणि खाचरातली क्षारता एकाच नोंदवहीत यावी. पाचेक वर्षं हे नीट चाललं, तर विलीनीकरणाच्या अभ्यासाला हाताशी पुरावा असेल. नाही चाललं, तर कुठे अडलं तेही कळेल: पैशात, पदभरतीत की दोन खात्यांच्या फायलीत.

आणि अभ्यास समिती नेमलीच, तर तिने एक सुनावणी पेणला ठेवावी. खांडी बुजवणारी माणसं तिथे आहेत. त्यांना मंत्रालयापर्यंत हेलपाटे घालायला लावू नये.