यंत्राची कीर्द-खतावणी

माझे वडील लातूरच्या अडत बाजारात मुनीम होते. संध्याकाळी रोकड जुळली नाही तर ते नवी वही काढत नसत. जुन्या वहीवरच बोट ठेवून फरक कुठल्या ओळीत शिरलाय ते शोधत, आणि तो सापडेपर्यंत जेवायला घरी येत नसत. २००२ पासून डेबियन लिनक्सवर चालणारी यंत्रं सांभाळताना मी हेच करत आलो. अपडेट अडलं की यंत्र पुसा आणि नव्याने बसवा, असं सांगणाऱ्यांशी माझं भांडण तेव्हापासूनचं आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये डेबियन १३, म्हणजे ट्रिक्सी आली आणि ते भांडण पुन्हा तोंडावर आलं.

बाकीच्या घराण्यांचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे, तो भरभर सांगतो. १९९३ साली आलेल्या स्लॅकवेअरने कुठलं पॅकेज कशावर अवलंबून आहे याचा हिशेब मुद्दाम ठेवलाच नाही. ती जबाबदारी वापरणाऱ्याची. रेड हॅटने आरपीएम आणलं, त्यावर पुढे यम आलं आणि २०१५ मध्ये फेडोरा २२ पासून डीएनएफ. डीएनएफचा इतिहास-आदेश मला मनापासून आवडतो: कुठल्या व्यवहारात काय काय बदललं ते सांगतो आणि तो व्यवहार उलटवूनही देतो. फ्रीबीएसडीच्या पोर्ट्समध्ये 'अपडेटिंग' नावाची साधी मजकुराची फाइल असते. ती वाचल्याशिवाय पोर्ट्सना हात लावू नये, हे तिथला नवशिक्याही शिकतो. आर्चवाल्यांचा दंडक एकच, अर्धवट अपडेट करायचं नाही. त्यांच्याकडच्या निम्म्या तक्रारी तो मोडल्यामुळे येतात, असं माझं मत आहे.

डेबियनची गोष्ट मला जरा सावकाश सांगायची आहे. इयन मर्डॉक यांनी १६ ऑगस्ट १९९३ रोजी तिची घोषणा केली. पॅकेजं बसवणारं तिचं डीपीकेजी सुरुवातीला शेल स्क्रिप्ट होतं. ते सीमध्ये नव्याने लिहिलं इयन जॅक्सन यांनी. १९९९ च्या स्लिंकबरोबर एपीटी आलं, आणि लोकांना वाटू लागलं की सगळं काम एपीटीच करतं. तसं नाही. एपीटी बाजारात जाऊन काय आणायचं ते ठरवतं आणि घेऊन येतं. गादीवर बसून नोंद करतं ते डीपीकेजीच. आणि अपडेट अडतं तेव्हा दहापैकी आठ वेळा ते नोंद करतानाच अडलेलं असतं.

ही वही नेमकी कशी आहे ते जवळून पाहू. व्हार-लिब-डीपीकेजी या फोल्डरातली 'स्टेटस' नावाची फाइल म्हणजे खतावणी. प्रत्येक पॅकेजचं एक खातं, त्यात त्याची आवृत्ती आणि आजची अवस्था. व्हार-लॉगमधली डीपीकेजीची नोंदवही म्हणजे कीर्द: कुठल्या तारखेला, किती वाजून किती मिनिटं आणि सेकंदांनी कुठलं पॅकेज उलगडलं, कुठलं मांडलं गेलं. शेजारच्या एपीटीच्या फोल्डरात पडद्यावर उमटलेला सगळा मजकूरही जपलेला असतो. खतावणीची नक्कल व्हार-बॅकअप्समध्ये रोज आपोआप पडते. भारनियमनाच्या दिवसांत ऐन अपडेटमध्ये वीज गेली आणि 'स्टेटस' फाइल अर्धी कोरी झाली, तेव्हा या नकलेवरून मी तीन यंत्रं उभी केली आहेत. कीर्द मात्र ठरावीक व्यवस्थेत बाराच महिने राहते. माझ्या हाताखालच्या प्रत्येक यंत्रावर मी ती मुदत वाढवतो.

पॅकेजांची यादी मागितली की डाव्या कडेला दोन अक्षरं दिसतात. 'आयआय' म्हणजे खातं जुळलं. 'आययू' म्हणजे माल उतरवला, पण मांडला नाही. 'आयएफ' म्हणजे मांडता मांडता हात थांबला. 'आरसी' म्हणजे पॅकेज गेलं, मागे त्याच्या सेटिंगच्या फाइली राहिल्या. या चार खुणा ओळखता आल्या की निम्मं निदान झालंच.

एक उदाहरण सांगतो. एका महाविद्यालयाच्या सर्व्हरवर डेबियनच्या व्हीझी आवृत्तीवरून जेसीवर जाताना अपडेट थांबलं. पडद्याच्या तळाशी चाळीसेक पॅकेजांची नावं, खाली 'यांच्यावर काम करताना चुका झाल्या' एवढंच. मला बोलावलं तोवर तिथल्या मुलांनी शेवटच्या नावापासून सुरुवात करून एकेक पॅकेज काढायचा सपाटा लावला होता. मी त्यांना थांबवलं आणि एपीटीने जपलेला मजकूर वरून वाचायला घेतला. पहिली चूक डेटाबेसशी संबंधित एका लहानशा पॅकेजची होती: बसवल्यानंतर चालणारी त्याची स्क्रिप्ट १ हा आकडा परत करून थांबली होती. बाकीची सगळी पॅकेजं त्याच्यामागे रांगेत उभी होती, त्यांचा स्वतःचा दोष काहीच नव्हता.

या स्क्रिप्टा कुठे लपवलेल्या नसतात. व्हार-लिब-डीपीकेजीच्या 'इन्फो' फोल्डरात पॅकेजच्या नावाने उघड्या पडलेल्या असतात, आणि बहुतेक साध्या शेलमध्ये लिहिलेल्या. मी ती फाइल उघडली, पहिल्या ओळीखाली 'सेट -एक्स' लिहिलं आणि डीपीकेजीला अडलेली सगळी पॅकेजं पुन्हा मांडायला सांगितलं. आता स्क्रिप्ट आपली प्रत्येक ओळ मोठ्याने वाचत चालली आणि एका जागी थबकली. ती एक गट तयार करू पाहत होती. उत्तर आलं, या नावाचा गट आधीपासून आहे आणि तो सिस्टिम गट नाही. कोण्या जुन्या प्रशासकाने कधीकाळी त्याच नावाचा गट हाताने बनवला होता. त्याला क्रमांक मिळाला होता १००४. डेबियनमध्ये सिस्टिम गटांचे क्रमांक हजाराच्या आत असतात. मी गटाला हजाराच्या आतला मोकळा क्रमांक दिला, जुन्या क्रमांकाच्या फाइली हुडकून नव्या गटाच्या नावावर केल्या, 'सेट -एक्स' काढून टाकलं आणि पुन्हा मांडणीचा आदेश दिला. चाळीसच्या चाळीस पॅकेजं एकामागून एक मांडली गेली. मुलांपैकी एक जण खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसला आणि 'इन्फो' फोल्डरातल्या दुसऱ्या स्क्रिप्टा उघडून वाचू लागला. त्या दिवसाचं माझं खरं समाधान ते आहे.

या वहीचा एक नियम मला वडिलांची आठवण करून देतो. एपीटी आपणहून मागे जात नाही. मोठा आवृत्ती-क्रमांक तोच नवा. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड यांनी एक्सझेड या संकोचनाच्या पॅकेजात घुसवलेला चोरदरवाजा जाहीर केला. एसएसएचने आत शिरायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, एवढ्या कुतूहलातून तो त्यांना सापडला होता. डेबियनची स्थिर आवृत्ती सुरक्षित होती, पण चाचणीच्या शाखांमध्ये ५.६.१ पोचली होती. तिथे सगळ्यांना जुन्या मालावर परत न्यायचं कसं? डेबियनने जे पॅकेज काढलं त्याचा क्रमांक होता ५.६.१+रिअली५.४.५-१. वरून मोठा, आत जुना. वडीलही चुकलेली नोंद खोडत नसत. खाली उलट नोंद करून ती दुरुस्त करत, म्हणजे चूक आणि दुरुस्ती दोन्ही वहीत राहत.

किरकोळ अडचणी थोडक्यात. बूटचं विभाजन जुन्या कर्नलांनी भरतं आणि नव्याची मांडणी 'जागा नाही' म्हणून थांबते; आधी जुने कर्नल काढा. मदरबोर्डवरची बॅटरी संपली की घड्याळ मागे जातं, आणि भांडाराची सूची 'अजून वैध नाही' असं एपीटी म्हणतं. दोष भांडाराचा नसतो, तारीख लावा. कुलूप-फाइल आडवी आली की ती पुसून टाका, हा सल्ला मी गेली कित्येक वर्षं ऐकतो आणि दर वेळी मला राग येतो. कुलूप फाइलीत नसतं, ते धरणाऱ्या प्रोसेसच्या हातात असतं. पार्श्वभूमीला सुरक्षा-अपडेट चालू असताना फाइल पुसली तर दोन हात एकाच वहीत लिहू लागतात. आता तर एपीटीच्या संदेशातच त्या प्रोसेसचा क्रमांक येतो. तो वाचा, काम संपू द्या.

पण वाचतंय कोण? काय काढलं जाणार याची यादी एपीटी आधी दाखवतं, आणि कळीची पॅकेजं जाणार असतील तर 'होय, मी सांगतो तसं कर' अशा अर्थाचं पूर्ण वाक्य टंकायला लावत असे. २०२१ मध्ये एका व्हिडिओत तेही टंकलं गेलं आणि सगळा डेस्कटॉप उडाला. त्यानंतर एपीटीने तो दरवाजा आणखी आवळला. ३.० मध्ये तर काढायची पॅकेजं लाल रंगात दिसतात. रंग दिले म्हणून वाचायची सवय लागत नाही. कुठल्याही संकेतस्थळावरची एक ओळ उचलून रूटच्या अधिकाराने चालवायची, परकी भांडारं जोडायची आणि पुढच्या मोठ्या अपडेटला ती आडवी आली की यंत्र पुसायचं, ही रीत झाली आहे. कंटेनरवाले म्हणतात, दुरुस्ती करूच नका, जुनी प्रतिमा फेका आणि नवी घ्या. हजारो यंत्रांच्या ठिकाणी ते योग्य आहे, हे मी मान्य करतो. पण त्या प्रतिमेच्या आतही अनेकदा डेबियनच असते, आणि ती प्रतिमा घडवतानाच स्क्रिप्ट अडली की फेकायला हातात काही नसतं. मग फोन येतो तो माझ्यासारख्याला.

ट्रिक्सीकडे परत येतो. एका ग्रंथालयातल्या यंत्रावर मी २००२ च्या शरदात वूडी बसवली होती. तेव्हा नेट महाग होतं, म्हणून माल सीडीवरून उतरवला. पेटी, मदरबोर्ड, चकत्या सगळं बदललं, पण मांडणी तीच राहिली: सार्जपासून बुकवर्मपर्यंत दहा मोठी अपडेटं, एकदाही न पुसता. आता ट्रिक्सीने ३२-बिट आय३८६ साठी कर्नल आणि इन्स्टॉलर दोन्ही बंद केले. सगळ्यांनी सांगितलं, आता तरी पुसा. प्रोसेसर कधीचाच ६४-बिट होता. सप्टेंबरातल्या एका शनिवारी ग्रंथालय बंद झाल्यावर पूर्ण बॅकअप घेतला, बुकवर्मवर असतानाच दुसरं आर्किटेक्चर जोडलं, ६४-बिट कर्नलवर यंत्र उठवलं, मग डीपीकेजी आणि एपीटी बदलले आणि त्यामागून बाकीची पॅकेजं गठ्ठ्यागठ्ठ्याने. एकदा पर्लपाशी चांगलंच अडलं. कीर्द वरून वाचली, सुटलं. पहाटे चारला ट्रिक्सी चालू झाली.

यादी मागवली. डावीकडे 'आयआय'ची सरळ रांग, आणि मध्येच एक 'आरसी': २००५ मध्ये काढलेलं छपाईचं पॅकेज. त्याची सेटिंगची फाइल उघडली. वरच मी तेव्हा लिहिलेली टीप होती, कुठल्या प्रिंटरचा कागद कुठे अडकतो याची. तो प्रिंटर केव्हाच भंगारात गेला. ती ओळ मी काढली नाही.