पालामेडीस फुलपाखरू, रेडबेची मर आणि ॲव्होकॅडो बाग

अलीकडे आपल्याकडे ॲव्होकॅडोची लागवड करणारे शेतकरी वाढत आहेत. त्यांनी अमेरिकेतील एका फुलपाखराची गोष्ट समजून घेणे फायद्याचे आहे.

पालामेडीस (पॅपिलिओ पालामेडीस) हे अमेरिकेच्या आग्नेय भागातील दलदलीच्या जंगलांत राहणारे मोठे फुलपाखरू आहे. पंखांचा विस्तार साधारण ११ ते १३ सेंमी, रंग गडद तपकिरी-काळा आणि त्यावर पिवळे पट्टे व ठिपके असतात. आपल्या लिंबू-संत्र्यावरील लिंबू फुलपाखरू आणि महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मन याच पॅपिलिओ प्रजातीतील आहेत. पालामेडीसची लहान अळीही पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. मोठी झाल्यावर हिरवी होते. फरक खाद्याचा आहे. ही अळी प्रामुख्याने रेडबे आणि स्वॅम्प बे या झाडांच्या पानांवर जगते. ही झाडे आणि ॲव्होकॅडो एकाच पर्सिया प्रजातीतील आहेत.

रेडबे का मेली?

२००२ मध्ये जॉर्जिया राज्यात सव्हाना बंदराजवळ एक परदेशी भुंगेरा सापळ्यात आढळला. रेडबे अम्ब्रोसिया भुंगेरा या नावाने ओळखला जाणारा हा कीटक मूळचा आशियातील असून जेमतेम २ मिमी लांब असतो. मालाच्या लाकडी खोक्यांतून तो आला असावा, असे मानले जाते. मादी तोंडाजवळच्या पिशवीत बुरशीचे बीजाणू बाळगते. ती खोड पोखरते तेव्हा बुरशी झाडात शिरते.

या बुरशीला रोखण्यासाठी झाड स्वतःच पाणी वाहणाऱ्या नलिका बंद करू लागते. वर पाणी पोहोचत नाही आणि काही आठवड्यांत झाड वाळते. या रोगाला 'लॉरेल विल्ट' म्हणतात. प्रादुर्भाव झालेल्या अनेक ठिकाणी मोठ्या रेडबेपैकी ९० टक्क्यांहून अधिक झाडे मेली. झाड गेले की अळीचे खाद्यही गेले. आता बुंध्यातून आणि मुळांतून येणारे फुटवे व वाचलेली लहान झाडे हाच पालामेडीसचा मुख्य आधार आहे.

पुढे २०१२ मध्ये हाच रोग दक्षिण फ्लोरिडातील व्यापारी ॲव्होकॅडो बागांत पोहोचला. तेथे इतर जातींचे भुंगेरेही बुरशी पसरवू लागले. शेजारच्या झाडांची मुळे एकमेकांना जुळलेली असतील, तर रोग जमिनीखालूनही पुढे जातो.

तुमच्या बागेत काय पाहाल?

डाळिंब बागायतदारांना खोडाला बारीक छिद्रे पाडणारा भुंगेरा आणि मर रोग दोन्ही माहीत आहेत. तीच नजर ॲव्होकॅडोवर ठेवा.

- मूळकुज: झाड हळूहळू खंगते, पाने लहान व फिकट होतात, पांढरी मुळे काळी पडतात. निचरा नसलेल्या जमिनीत ही समस्या जास्त असते.
- लॉरेल विल्ट: एखाद्या भागातील फांद्या अचानक कोमेजतात आणि वाळलेली पाने झाडालाच लटकून राहतात. साल काढल्यास आतील लाकडावर गडद रेषा दिसतात. खोडावर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे व भुसा दिसू शकतो.

काय काळजी घ्याल?

1. रोपे खात्रीच्या रोपवाटिकेतूनच घ्या. परदेशातून येताना कलमकाड्या किंवा रोपे बॅगेत आणू नका. आयातीसाठी वनस्पती संगरोध आदेश, २००३ नुसार परवाना व वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते.
2. अचानक वाळलेले झाड दिसल्यास फोटो काढा आणि सहायक कृषी अधिकारी किंवा कृषी विज्ञान केंद्राला कळवा. तपासणीपूर्वी लाकूड बागेबाहेर नेऊ नका.
3. निदान झाल्यावर तज्ज्ञांच्या सल्ल्याने झाड मुळासह काढून जागेवरच नष्ट करा. सरपणासाठी विकू नका.
4. छाटणीची अवजारे प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक करा.

रोग खोडात भिनल्यावर फवारणीने झाड वाचत नाही. फ्लोरिडात खोडातून बुरशीनाशक देण्याचा मार्ग वापरतात, पण तो निरोगी झाडांच्या बचावासाठी असतो आणि खर्चिक पडतो. म्हणून आठवड्यातून एकदा बागेत फेरी मारून प्रत्येक खोड जवळून पाहा. पहिले झाड वेळेत ओळखले, तर शेजारची झाडे वाचवण्याची संधी मिळते.