वादळाची वर्दी देणारा दर्यावर्दी

‘बंदरात तीन नंबरचा बावटा लावला’ ही बातमी कोकण किनाऱ्याला नवी नाही. बावटा चढला की मच्छीमार होडी बाहेर काढत नाही. वादळाची अशी आगाऊ वर्दी देण्याची व्यवस्था ब्रिटनमध्ये उभी केली ती तिथल्या आरमारातल्या रॉबर्ट फिट्झरॉय या अधिकाऱ्याने.

फिट्झरॉयचा जन्म १८०५ सालचा, घराणे सरदारांचे. बाराव्या वर्षी तो आरमारी विद्यालयात दाखल झाला. १८२८ मध्ये ‘बीगल’ जहाजाच्या कप्तानाने आत्महत्या केली आणि ते जहाज अवघ्या तेवीस वर्षांच्या फिट्झरॉयच्या हाती आले. याच ‘बीगल’वरून १८३१ ते १८३६ या काळात चार्ल्स डार्विनने पृथ्वीप्रदक्षिणा केली. डार्विनचे नाव जगभर झाले; कप्तान मात्र त्याच्या चरित्रातले एक पात्र होऊन राहिला.

पुढे १८४३ मध्ये फिट्झरॉय न्यूझीलंडचा गव्हर्नर झाला. पण गोऱ्या वसाहतवाल्यांशी त्याचे पटले नाही आणि १८४५ मध्ये सरकारने त्याला परत बोलावले. १८५४ साली हवामानाच्या नोंदी गोळा करणाऱ्या एका लहानशा सरकारी खात्याचा तो प्रमुख झाला. काम आकडे जमवण्याचे होते, अंदाज सांगण्याचे नव्हे.

ऑक्टोबर १८५९ मध्ये वेल्सच्या किनाऱ्यावर ‘रॉयल चार्टर’ हे जहाज वादळात फुटले. सुमारे साडेचारशे माणसे बुडाली. वादळ तारेपेक्षा हळू चालते, मग वर्दी त्याच्या आधी का पोहोचू नये, असा फिट्झरॉयचा साधा हिशेब होता. किनाऱ्यावरच्या ठाण्यांतून वायुभार, वारा आणि तापमान यांच्या नोंदी तारेने लंडनला येऊ लागल्या. धोका दिसला की बंदरांना तार जाई आणि तिथे खांबावर खूण चढे. शंकूचे टोक वर असेल तर उत्तरेचे वादळ, खाली असेल तर दक्षिणेचे. फेब्रुवारी १८६१ मध्ये पहिली वर्दी गेली. १ ऑगस्ट १८६१ रोजी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये त्याचा पहिला हवामान अंदाज छापून आला.

हे भविष्य नव्हे, नोंदींवरून बांधलेला अंदाज आहे, असे तो बजावून सांगे. पण अंदाज चुकला की वर्तमानपत्रे टिंगल करीत. गणिती आधार नाही, अशी शास्त्रज्ञांची तक्रार होती. प्रकृती ढासळली, कामाचा ताण असह्य झाला. पदरचा पैसा सरकारी कामात ओतून तो कर्जात बुडाला होता. ३० एप्रिल १८६५ रोजी त्याने आपले जीवन संपवले. त्याच्या कुटुंबासाठी जमलेल्या निधीत डार्विनने शंभर पौंड दिले. उत्क्रांतीवरून दोघांत दुरावा आला होता, तरीही.

१८६६ मध्ये चौकशी समितीच्या अहवालानंतर अंदाज आणि वर्दी दोन्ही बंद पडले. पण किनाऱ्यावरच्या लोकांना वर्दीची किंमत कळली होती. त्यांच्या आग्रहामुळे ती १८६७ मध्ये पुन्हा सुरू झाली. वर्तमानपत्रातले अंदाज परतायला मात्र १८७९ साल उजाडले.

२००२ साली ब्रिटनच्या सागरी हवामानवृत्तातल्या एका विभागाला ‘फिट्झरॉय’ हे नाव देण्यात आले. अंदाज चुकला की आपण वेधशाळेला हसतो. हसायला हरकत नाही. पण बावटा लागलेला पाहून बंदरातच थांबलेली आणि म्हणून वाचलेली माणसे कुठल्याच बातमीत येत नाहीत, एवढे ध्यानात असू द्यावे.