बोरूचे वळण आणि आपली अक्षरे

आमच्या जोयडा तालुक्यातील कॅसलरॉक स्थानकाची पाटी कानडी, देवनागरी आणि रोमन अशा तीन लिप्यांत बोलते. मराठी मुलखाबाहेर वाढणाऱ्या मुलांसाठी असे फलक ही दुसरी शाळाच असते. म्हणूनच त्यांवरील अक्षरांच्या रूपाचा विचार आम्हा शिक्षकांस महत्त्वाचा वाटतो.

मुंबईच्या लोकल रेल्वेच्या हाताने रंगविलेल्या पाट्यांवरून कॅथरीन ली श्मिट यांनी 'यात्रा वन' हा टंक, म्हणजे आजच्या बोलीत फॉन्ट, घडविला. देवनागरी लिहिताना बोरूच्या टोकाचा तिरकेपणा रोमनच्या उलट असतो. त्यामुळे जाड व बारीक रेघांच्या जागाही उलटतात. या टंकात देवनागरी आधी रेखाटली गेली आणि रोमन अक्षरांनाच देवनागरीचे वळण देण्यात आले. आपल्या लिपीचा हा मान सुखावणारा आहे.

असे टंक शीर्षकासाठी असतात. लग्नपत्रिकेवरील वधूवरांची नावे, नाटकाचा फलक, स्नेहसंमेलनाची पत्रिका, मासिकाचे मुखपृष्ठ येथे ते शोभून दिसतात. सबंध मजकूर त्यांतच छापला, तर मात्र डोळे शिणतात. मोजके शब्द वळणदार आणि बाकीचा मजकूर साधा ठेवावा, हे बरे. कानडी शेजारी असेल, तर मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'बलू' उपयोगी पडतो. त्याची देवनागरी आणि कानडी रूपे भावंडांसारखी एकमेकांस साजेशी आहेत. जोयड्यातील कंदमुळांच्या मेळ्यासारख्या प्रसंगी दोन्ही भाषा एकाच फलकावर सुखाने नांदू शकतील.

मात्र देखणेपणास भुलून चालणार नाही. महाराष्ट्र शासनाने 2009 साली मराठीसाठी पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' प्रमाण ठरविला. पुष्कळ टंकांत मात्र या अक्षरांची हिंदीतील रूपे आपोआप उमटतात. ती रूपे हिंदीच्या घरी योग्यच आहेत. परंतु मुलाने पाटीवर गिरविलेले अक्षर एक आणि घरच्या पत्रिकेवर दुसरे, असे झाले तर त्याने कोणते आपले मानावे? संगणकात मजकुराची भाषा मराठी अशी नोंदविली, तर ज्या टंकांत तशी सोय आहे तेथे मराठी रूपे मिळतात.

तेव्हा पत्रिका छापावयास देण्यापूर्वी 'लग्न', 'शाळा' आणि 'दऱ्या' हे तीन शब्द त्या टंकात उमटवून पाहावेत. पहिल्या दोहोंत 'ल' व 'श' यांची परीक्षा होते. तिसऱ्यात अर्धा 'र' नीट न आल्यास 'दऱ्या'चा 'दर्या' होतो आणि काळी नदीकाठच्या आमच्या दऱ्याखोऱ्यांत समुद्र शिरतो!

अच्युत पालव यांनी मोडीच्या अभ्यासातून सुलेखनाची नवी वाट चोखाळली. 2025 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. असा सन्मान थोड्यांच्याच वाट्यास येतो. परंतु घरच्या पत्रिकेवरील अक्षर पारखून घेणे कोणासही अशक्य नाही. मुलखापासून दूर असलेल्या घरांत भाषा अशा लहानसहान काळजीनेच टिकते.