बायकोवर उठणारा हात अडवायचा कोणी? गावातल्या पुरुषांनीच!

करमाळा/माढा : उजनीचं पाणी आलं तसा काठच्या गावांत ऊस वाढला, केळी आली. कंदरची केळी परदेशात जाऊ लागली. पण रात्री शेजारच्या घरातून मारहाणीचा आवाज आला की आजही ऐकू येतं, "नवरा-बायकोचं भांडण, आपण कशाला मध्ये पडायचं?" या एका वाक्यामुळे मारणाऱ्याला मोकळीक मिळते आणि बाई एकटी पडते.

हा प्रश्न एखाद्या घरापुरता नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (2019-21) महाराष्ट्रात लग्न झालेल्या साधारण दर चार महिलांपैकी एकीने कधी ना कधी नवऱ्याकडून हिंसा सोसली आहे. देशभरात अशा महिलांपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त जणींनी ना कुणाकडे मदत मागितली, ना कुणाला सांगितलं.

राग की हक्क?

"दारू प्यायला होता", "राग आवरला नाही" ही नेहमीची कारणं. पण जरा विचार करा. उसाला तोड वेळेवर मिळाली नाही तर चिटबॉयचा राग येतोच. रात्रीची लाईट गेली तर वायरमनचा येतो. तिथं हात उठत नाही. घरी आल्यावर उठतो, कारण "बायको आपली आहे, मारलं तर कोण विचारतंय" हे डोक्यात पक्कं असतं. दारूने मारहाण वाढते हे खरं, पण न पिणारेही मारतात. म्हणून नुसती दारू सोडवून भागत नाही, हा समजही बदलावा लागतो.

205 पुरुष पुढे आले

महाराष्ट्रात याची सुरुवात पुरुषांनीच केली. 1991 साली पत्रकार सी. वाय. गोपीनाथ यांनी बायकोला मारणं चूक मानणाऱ्या पुरुषांनी पुढे यावं, असं आवाहन वर्तमानपत्रातून केलं. 205 पुरुषांनी प्रतिसाद दिला. त्यातून 1993 मध्ये मुंबईत हरीश सदानी आणि सहकाऱ्यांची 'मावा' ही संस्था उभी राहिली. 'पुरुष स्पंदनं' हा तिचा दिवाळी अंक. 2006 पासून 'युवा मैत्री' उपक्रमातून कॉलेजच्या मुलांशी नातं, शरीर, राग, मर्दानगी यावर मोकळी चर्चा सुरू झाली. मुलगा नवरा व्हायच्या आधीच त्याच्याशी बोलायचं, असा हा विचार.

आपल्या करमाळ्यातही उदाहरण आहे. प्रमोद झिंजाडे यांनी विधवा प्रथेविरुद्ध मोहीम काढली आणि आपल्यामागे पत्नीवर ही प्रथा लादू नये, असं प्रतिज्ञापत्र स्वतः केलं. पुढे 4 मे 2022 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने ही प्रथा बंद करण्याचा ठराव केला. विषय वेगळा असला, तरी पुरुषाने आपल्या घरापासून सुरुवात केली तर ग्रामपंचायतही हलते, हे त्यातून दिसलं.

कायदा काय सांगतो?

कौटुंबिक हिंसाचार कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. मारहाणीबरोबर शिवीगाळ, जबरदस्तीचा संबंध, मानसिक छळ, खर्चाला पैसे न देणं हेही त्यात येतं. कोर्ट समुपदेशनाला पाठवू शकतं. तिथं नवऱ्याला पुन्हा हिंसा करणार नाही अशी हमी द्यावी लागते आणि "तिनेच उलट उत्तर दिलं" असली सबब सांगायची मुभा नाही. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा 20 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम 85 नुसार पत्नीच्या छळाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे.

भाऊ, मित्र, शेजारी म्हणून काय कराल?

• आवाज आला तर दोघं-तिघं मिळून जा, दार वाजवा. काहीही निमित्त सांगा, "मोटर चालू करायची का?" एवढंही चालेल. हातात कोयता, काठी असेल तर मध्ये पडू नका, लगेच 112 लावा.

• दुसऱ्या दिवशी तो शुद्धीवर असताना जवळच्या माणसाने एकट्यात गाठून बोला. "का मारलंस?" विचारलं तर तो कारणं सांगत बसेल. "मारलंस ते चूक, परत चालणार नाही," एवढं स्पष्ट सांगा.

• बाईने तुम्हाला सांगितलेलं त्याच्या कानावर घालू नका. त्यामुळे तिला जास्त मार बसू शकतो.

• "लेकराबाळांकडं बघून मिटवून घे" असा दबाव तिच्यावर टाकू नका. पुढे काय करायचं ते तिला ठरवू द्या. नवऱ्याला समजावणं सुरू आहे म्हणून तिची तक्रार थांबवू नका.

• पारावर, टपरीवर कुणी बायकोला मारल्याची फुशारकी मारली तर हसू नका. गप्प बसलात तरी त्याला ती संमती वाटते.

• गावचं धोरण ठरवायचं असेल तर आधी महिला सभेत बायकांचं ऐका, मग ग्रामसभेत विषय घ्या.

मदत कुठे मिळेल?

तातडीने पोलीस : 112. महिला हेल्पलाईन : 181. मोफत कायदेशीर मदत : 15100. महिलेला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या कोर्टातील विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. कौटुंबिक हिंसाचाराची तक्रार संरक्षण अधिकाऱ्याकडेही देता येते. बाईच्या वतीने शेजारी, नातेवाईकही माहिती देऊ शकतात आणि चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर त्यासाठी कारवाई होत नाही.