काळवंडलेल्या आरशाला स्वस्तातली चौकट

गोव्याच्या पावसाळ्यात न्हाणीघरातील साध्या आरशाची कड प्रथम काळवंडते. काच बिघडलेली नसते. मागील चांदीच्या पातळ थरापर्यंत दमट हवा पोहोचलेली असते. गेलेली चकाकी परतत नाही, म्हणून डाग झाकणारी चौकट बसवणे हाच स्वस्त उपाय. लाकडी पट्टी देखणी खरी, पण ओलाव्याने फुगते. पीव्हीसीची पट्टी टिकते. पट्टीची मागील बाजू काचेत प्रतिबिंबित होते, तीही आधी रंगवावी. आरशाच्या उघड्या कडांना पारदर्शक नेलपॉलिशचा एक हात द्यावा, म्हणजे ओल आत शिरणे मंदावते. खरी मेख चिकटवण्यात आहे. व्हिनेगरसारखा उग्र वास येणारे सिलिकॉन सुकताना आम्ल सोडते व चांदीचा थर खाते; दुकानात ‘न्यूट्रल’ सिलिकॉनच मागावे. त्यानंतर २४ तास तेथे गरम पाण्याची वाफ होऊ देऊ नये.